डावीकडचे खालचे चार

१

ओव्हार गावात दर दुसऱ्या दारावर दातांच्या डॉक्टरची पाटी आहे. हद्द संपली की पलीकडे ऑस्ट्रिया. तिकडची माणसं सकाळच्या गाडीने येतात, दोन-दोन तास तोंड वासून पडून राहतात आणि संध्याकाळी सुजल्या गालांनी खुशीत परत जातात. त्यांच्या छातीवर पसरायची फडकी, डॉक्टरांचे डगले, खुर्च्यांवरचे अभ्रे हे सगळं एका दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत धुतलं जाई, आणि ते धुणारी बाई होती एतेल्का. तेवीस वर्षं ती तिथे कामाला होती. त्यातली एकवीस वर्षं तिच्या स्वतःच्या तोंडात डावीकडचे खालचे चार दात नव्हते.

"अगं, वर जाऊन नुसती खुर्चीत बसलीस तरी चुकून कुणीतरी बसवून देईल," असं इस्त्रीवाली तिला चिडवायची. एतेल्का तोंडावर हात धरून हसायची आणि मशीनचं दार लावून घ्यायची.

या वर्षी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ती खरोखरच वर जाऊन खुर्चीत बसली. मार्चमध्ये जबड्याच्या हाडात तीन स्क्रू गेले. हाडाने त्यांना धरेपर्यंत चार महिने थांबायचं होतं. जुलैत त्यांच्यावर चार तात्पुरते दात चढले. पक्के ऑक्टोबरात व्हायचे होते.

तात्पुरते बसून चार दिवस झाले असतील. मंगळवार होता. चर्चमध्ये बाराची घंटा वाजत असताना ती घरी आली, हात धुतले आणि पावाचं टोक कापलं. मुद्दाम टोकच. इतकी वर्षं ती आतला मऊ पाव दुधात भिजवून खायची आणि कडक टोकं कोंबड्यांपुढे टाकायची. आज तिने त्यावर डुकराची चरबी फासली, कांद्याच्या चकत्या मांडल्या, लाल तिखट भुरभुरवलं, आणि डाव्या बाजूने घास तोडला.

काय तो आवाज! कर्र करून सगळी कवटी दणाणली. एतेल्काच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते काही कांद्याचं नव्हतं. तिने सावकाश चावलं, गिळलं आणि डोळे मिटून तशीच बसून राहिली.

चावण्याचा आवाज थांबला नाही.

तोंड रिकामं होतं. जीभ जागेवर स्वस्थ होती. जबडा हलत नव्हता. खात्री करायला तिने हनुवटीला हात लावून पाहिला. तरी आत, डाव्या कानाच्या खाली, कुणीतरी अजून चावत होतं. सावकाश, तब्येतीत. एक, दोन, तीन. मग हाड सरकल्यासारखा बारीक आवाज झाला, कट्. मग काही नाही.

"आता ही काय नवीन भानगड," एतेल्का भिंतीला म्हणाली आणि दुसरा घास घेतला.

२

भानगडीला कारण होतं आणि ते तिला ठाऊकही होतं. डॉक्टर बोदोरनेच सांगितलं होतं.

डॉक्टर बोदोर म्हणजे पस्तिशीची, बारीक अंगाची, तोंडातून शब्द मोजून काढणारी बाई. फेब्रुवारीत तिने पहिल्यांदा एतेल्काचं तोंड तपासलं, तेव्हा आरसा आत धरून ती डावीकडची हिरडी पुन्हा पुन्हा बघत राहिली.

"चारही एकदमच गेले?"

"तळघराच्या पायऱ्यांवरून पडले. बर्फ होता."

डॉक्टरने तिच्या हनुवटीखालून बोट फिरवलं. "इथे काही लागलं नाही?"

"नाही."

"ओठ फाटला होता?"

"डॉक्टर, तुम्ही दात बसवा."

डॉक्टरने मान हलवली आणि पुढचं बोलायला लागली. इतक्या वर्षांत हाड झिजलं होतं. त्यात आधी हाडाची पूड भरावी लागणार होती.

"कुणाच्या हाडाची?" एतेल्काने विचारलं.

"गाईच्या. सगळं साफ करून, तापवून आलेलं असतं. घाबरू नका मावशी."

"म्हणजे मी आता रवंथ करणार."

"दूध द्यायला लागलात तर मला आधी सांगा," डॉक्टर म्हणाली. हसली मात्र नाही. मग तिने बोटाने हवेत चित्र काढून समजावलं, की खरा दात आणि हाड यांच्यामध्ये एक मऊ गादी असते. स्क्रूला गादी नाही. तो सरळ हाडात रुततो. त्यामुळे चावण्याचा आवाज थेट हाडातून कानात शिरतो. सुरुवातीला फार मोठा वाटतो, मग सवय होते.

म्हणजे हे ते होतं. हाडातला आवाज. एतेल्काने तेच धरून ठेवलं. थांबल्यावरही ऐकू येतो? येणारच. विहिरीत हाक मारली की ती मागून येतेच की.

पण ती खोलात शिरणारी बाई होती. डाग कुठून आला हे कळल्याशिवाय तिला कपडा पुढे टाकता येत नसे. गुरुवारी तिने नुसत्या उजव्या बाजूने जेवून पाहिलं. आवाज डावीकडूनच आला. शुक्रवारी तिने नूडल्सवर दही-पनीर घालून इतकं मऊ केलं की दात लागायचं कामच नव्हतं. जीभ आणि टाळू यांच्यामध्येच ते विरघळलं. ती थांबली, चमचा खाली ठेवला आणि ऐकू लागली.

आत कुणीतरी काहीतरी कुरकुरीत खात होतं. भाजलेली कातडी खावी तसं. मध्येच एक तुकडा कडक लागला. तो जरा बाजूला घेऊन, दाढेखाली धरून फोडला गेला. मग पुन्हा कट्.

हे विहिरीतल्या हाकेसारखं नव्हतं. हाक मारावी एक आणि उत्तर यावं दुसरंच, असं हे होतं.

खिडकी उघडी होती. बाहेर शेजाऱ्यांच्या अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या, रस्त्यावरून सायकल गेली, सगळं जसंच्या तसं होतं. एतेल्काने ताट विसळलं. तो कट् आवाज आपण आधी कुठेतरी ऐकलाय, असं तिला वाटत होतं. वाटतंय हे ती स्वतःला सांगत नव्हती, इतकंच.

३

पुढच्या आठवड्यात बुधवारी तिने घेवड्याचं सूप केलं. वाफ येत होती. तिने पहिला चमचा तोंडाकडे नेला आणि जबड्यात ठोकल्याचा आवाज झाला.

टक्. टक्.

दाराकडे बघावं म्हणून ती वळली. पुन्हा ताटाकडे बघितलं, तेव्हा मिठाची लाकडी पेटी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला होती. झाकण उघडलेलं. भिंतीवरच्या खिळ्यावरून ती काढली कुणी, झाकण उघडलं कुणी, पलीकडे सरकवली कुणी, याचा विचार करायची गरजच नव्हती. एतेल्काचा उजवा हात अजून त्या पेटीवर होता.

तिने हात मागे घेतला. तो तिचाच होता. नखाजवळ साबणाने उललेली कातडी, बोटातली अंगठी, सगळं तिचंच. पण तिला न विचारता तो उठला होता, खिळ्यापर्यंत गेला होता आणि जिथे नेऊन ठेवायचं तिथे बरोबर नेऊन ठेवून आला होता.

तेव्हा तिने स्वतःला सांगितलं, तो आवाज कुणाचा ते.

तिचा नवरा देझ्यो जेवताना बोलत नसे. काही हवं असलं की मधल्या बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा ठोकायचा. मीठ हवं तरी दोनदा, पाव हवा तरी दोनदा, तू गप्प बस असं म्हणायचं असलं तरी दोनदाच. यातलं कुठलं ते एतेल्काने ओळखायचं. लष्करात असताना त्याचा जबडा एकदा निखळून परत बसला होता. तेव्हापासून दर तीन घासांमागे तो वाजायचा, कट्. चावताना त्याचे कान हलायचे. लग्न झालं तेव्हा तिला त्याचं हसू यायचं.

एकवीस वर्षांपूर्वी जानेवारीत एका दुपारी रेडिओवर कुणीतरी काहीतरी गमतीचं बोललं. एतेल्का हसली आणि मीठ द्यायला उशीर झाला. एवढंच. त्याने उचलली ती हीच पेटी होती. ओकची, जड.

बर्फ आणि पायऱ्या हे देझ्योनेच ठरवलं, गाडीत, दवाखान्यात पोहोचायच्या आधी. ती तेच सांगत राहिली. आधी त्याच्या भीतीने, मग लाजेने, मग सवयीने. नंतर कधीतरी तिने दात बसवायचा विषय काढला तर तो म्हणाला, "कुणाला दाखवायचेत?" दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तो हृदयाच्या दुखण्याने गेला. लोकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवले. तिने डोळे पुसले, घरी येऊन चादरी धुतल्या आणि मग पुढची दोन वर्षं ती त्या मिठाच्या पेटीतूनच मीठ घेत राहिली. ती फेकून द्यावी हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सूप गार झालं. एतेल्काने उजवा हात मांडीखाली दाबून धरला, अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकला.

"नाही," ती समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली.

टक्. टक्.

"ऐकलं मी. नाही म्हटलं."

डाव्या हाताने, सांडत का होईना, तिने सगळं सूप संपवलं. मग मीठ एका जॅमच्या रिकाम्या बरणीत ओतलं आणि पेटी चुलीत घातली. ओक लवकर पेटत नाही. ती शेजारी स्टूल टाकून बसली आणि पेटी पूर्ण जळेपर्यंत उठली नाही. त्या सगळ्या वेळात तोंडातून आवाज आला नाही. तिला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी पाव खाताना तो पुन्हा चावायला लागला. आता तिच्या आधी.

४

"एक्स-रे तर उत्तम आहे," डॉक्टर बोदोर म्हणाली. "हाडाने तिन्ही स्क्रू घट्ट धरलेत. सूज नाही, पू नाही. ऐकू काय येतं म्हणालात?"

"चावल्याचं."

"चावताना?"

"नंतर. आधी. मी चावत नसताना."

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं. ती हसली नाही हे एतेल्काला बरं वाटलं. "ठोकून बघू या. स्क्रू नीट बसला असेल तर आवाज स्वच्छ येतो, काचेसारखा. तोंड उघडा."

खोलीत औषधाचा लवंगेसारखा वास होता. खिडकीचा पडदा एतेल्कानेच धुतलेला. डॉक्टरने आरशाच्या दांड्याने पहिल्या दातावर हलकेच ठोकलं.

एकदा. आवाज दोनदा आला.

डॉक्टरचा हात हवेतच थांबला. तिने दांड्याकडे पाहिलं, मग एतेल्काच्या जबड्याकडे. पुन्हा ठोकलं, पुन्हा एकदाच. पहिला आवाज स्वच्छ होता, काचेसारखा. दुसरा लाकडावर पेर आपटल्यासारखा होता आणि तो आतून आला.

"दांडा निसटला असेल," डॉक्टर म्हणाली. पण दांडा तिने बाजूच्या तबकात ठेवून दिला आणि तिसऱ्यांदा उचलला नाही. हातमोजे काढले. पाणी प्याली. "मावशी, एक सांगते. स्क्रू काढून टाकता येतील. भूल देऊन, अर्ध्या तासाचं काम. हाड पुन्हा भरून येईल. पुढचं पुढे बघू."

"काढल्यावर हे जाईल?"

"मला माहीत नाही."

खरं बोलली म्हणून एतेल्काला ती एकदम आवडली. खुर्चीत उठून बसत तिने छातीवरचं फडकं काढलं, सवयीने त्याची घडी घातली.

"डॉक्टर, माझे दात एकदा काढून झालेत," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा नाही काढू देणार. कुणालाच."

डॉक्टरला काय ते कळलं. फेब्रुवारीतच कळलं असावं. तिने एतेल्काच्या गुडघ्यावर क्षणभर हात ठेवला. मग कॅलेंडर काढून पक्क्या दातांची तारीख लिहून दिली.

५

व्हिल्मा ही देझ्योची थोरली बहीण. चौऱ्याहत्तर वर्षांची, काटक. महिन्यातून एका रविवारी चर्चमधून परस्पर एतेल्काकडे जेवायला यायची आणि टेबलाशी बसल्याबरोबर भावाची आठवण काढायची. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारीही ती आली. टोपी काढली, केस बसवले आणि एतेल्काचं तोंड न्याहाळलं.

"आता या वयात दात! कुणासाठी गं? देझ्योला आवडलं नसतं."

"म्हणूनच बसवले."

"मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"मेलेल्या माणसाने आधी मेल्यासारखं वागावं, व्हिल्माताई. बसा. मांस गार होतंय."

व्हिल्मा टेबलाच्या बाजूला बसली. एतेल्का आपल्या नेहमीच्या जागी, चुलीकडे पाठ करून. तिच्या समोर देझ्योची खुर्ची, आणि त्या खुर्चीमागे भांड्यांचं उंच कपाट, काचेच्या दारांचं. आंबट चेरीचं गार सूप झालं. मग पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं मांस आणि काकडी. व्हिल्मा बोलत होती. पाद्र्याचा खोकला, नातसुनेचा स्वैपाक, गॅसवाल्याचा उर्मटपणा. एतेल्का हूं हूं करत जेवत होती. जबड्यात तो सूप आल्यापासून चावत होता. गेल्या काही दिवसांत ती शिकली होती, की तो एक चावला की आपण दोनदा चावायचं, जोरात, त्याच्यावर कुरघोडी करून. त्यामुळे तिचे दोन्ही गाल दिवसभर दुखायचे. दुखू देत.

मग टेबल वाजलं.

टक्. टक्.

या वेळी जबडा नाही. टेबलच. सरबताचे पेले किणकिणले. आणि व्हिल्माने गॅसवाल्याबद्दलचं वाक्य न तोडता, न बघता, मिठाची बरणी उचलली, झाकण फिरवून काढलं आणि देझ्योच्या रिकाम्या खुर्चीपुढे नेऊन ठेवली.

"...म्हटलं, माझ्या दारात असा आवाज चढवायचा नाही," ती म्हणाली आणि तिथे तिला आपला हात दिसला.

दोघी त्या बरणीकडे बघत राहिल्या.

"तुम्हाला ऐकू आलं," एतेल्का म्हणाली.

"कुठे काय? मला काही ऐकू नाही आलं."

"मग मीठ कुणाला दिलंत?"

व्हिल्माने बरणीवरचा हात मागे घेतला. गालांवरचा रंग उतरला. एवढी ताठ बाई, पण बसल्या जागी लहान झाल्यासारखी दिसायला लागली. "बाबा ठोकायचे असे," ती हळूच म्हणाली. "देझ्योने त्यांचंच उचललं."

"मी पायऱ्यांवरून पडले नव्हते."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून." व्हिल्माने रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही, नुसता पिळत राहिली. "आईचेही डावीकडचेच नव्हते, एतेल्का. उजव्या हाताचा माणूस समोर बसला की डावीकडचेच जातात."

एतेल्काला तिचा राग यायला हवा होता. एकवीस वर्षं दर महिन्याला ही बाई याच टेबलाशी बसून, सगळं माहीत असून जेवली होती, शेवटची दोन वर्षं तर 'माझा बिचारा भाऊ' म्हणत. राग आलाही. पण तो बाहेर पडण्याआधी तिची नजर वर गेली, कपाटाच्या काचेकडे.

काचेत ती स्वतः दिसत होती. बाजूला वाकलेली व्हिल्मा दिसत होती. आणि दोघींच्या मध्ये, समोरची खुर्ची रिकामी असताना, काचेत तिथे एक पाठमोरा माणूस होता. वाकलेली मान, मानेवरची घडी, आखूड कापलेले केस. दोन्ही कान हलत होते. खाली-वर, खाली-वर. चावत होता.

एतेल्काने खुर्चीकडे बघितलं. खुर्चीवर ऊन पडलं होतं, बाकी काही नव्हतं. काचेत बघितलं. तो होता.

पळावं असं तिच्या पायांना वाटलं. तिने पायांना पळू दिलं नाही. ती उठली, टेबलाला वळसा घालून त्या खुर्चीपाशी गेली. तिथे हवा तळघरासारखी गार होती. तिने खुर्चीपुढची बरणी उचलली, परत आपल्या जागी येऊन आपल्या ताटात मीठ घेतलं आणि बरणीचं झाकण लावून टाकलं. मग पावाचं टोक तोडलं आणि काचेवर डोळे रोखून, तोंड उघडं ठेवून, दात दाखवत ती ते चावायला लागली. असं तर तिला लहानपणीही कुणी खाऊ दिलं नव्हतं.

"चावत बस," ती पावाने भरल्या तोंडाने म्हणाली. "इथे तुला काही वाढलेलं नाही."

काचेतले कान थांबले.

मान वळायला लागली. फार सावकाश, आधी कान, मग गालफड. व्हिल्माने काचेकडे बघितलं आणि तिच्या घशातून चिरकल्यासारखा आवाज निघाला. एतेल्काने डोळे हलवले नाहीत. तिला अर्धंच दिसलं. गालाची कडा, मिशीचं टोक आणि किंचित उघडं तोंड. त्या तोंडात डाव्या बाजूला खाली चार दात होते, बारीक, पांढरेशुभ्र, बाईमाणसाचे. एकाचा कोपरा उडालेला. तो कोपरा ती शाळेत असताना अक्रोड फोडताना उडाला होता.

एवढी वर्षं तो कशाने चावत होता ते तिला तेव्हा दिसलं.

"ठेव तुलाच ते," एतेल्का म्हणाली. आवाज जरा फाटला, पण ती थांबली नाही. "माझ्याकडे नवीन आहेत."

ऊन सरकलं की आणखी काही झालं कुणास ठाऊक, पण काचेवर एकदम चकाकी आली आणि चिनीमातीच्या बश्यांपलीकडे काही दिसेना. व्हिल्माने तो पिळलेला रुमाल टेबलावर ठेवला, उठली आणि देझ्योची खुर्ची दोन्ही हातांनी उचलून अंगणात नेऊन ठेवली. कोंबड्या तिच्यापासून लांब पळाल्या.

६

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी व्हिल्मा दवाखान्यात आली. कुणी बोलावलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर एक ऑस्ट्रियन जोडपं बसलं होतं. त्यांच्या शेजारी ती पर्स मांडीवर धरून ताठ बसली.

"मी इथे आहे," ती एतेल्काला म्हणाली.

"बसा मग. वेळ लागेल."

आत डॉक्टर बोदोरने तात्पुरते दात काढले. तेवढ्या पाच मिनिटांत, उघड्या स्क्रूंवरून वारा जात असताना, तो आत भराभर चावत होता. एतेल्काला वाटलं, त्याला कळलंय. मग पक्के दात बसले. थंड, जड, गुळगुळीत. डॉक्टरने एक छोटा पाना घेतला, घड्याळाला किल्ली देतात तसा, वर आकडे कोरलेला.

"याने आवळायचं. थोडा दाब जाणवेल. ठरावीक आकड्यापर्यंत गेलं की मी थांबेन."

"कुठपर्यंत जातं?"

"पस्तीस. पुढे गेलं तर तुटेल."

पाना फिरला. कर्र, कर्र, कर्र. आवाज हाडातून थेट कानात. पंधरावर जबड्यात ठोका पडला.

टक्. टक्.

डॉक्टरच्या हाताला तो जाणवला असणार, कारण तिची बोटं दचकली. तिने एतेल्काच्या डोळ्यांत पाहिलं. एतेल्काने तोंड उघडं ठेवून मान हलवली, पुढे.

वीस. टक् टक्. पंचवीस. टक् टक् टक्. एतेल्काने खुर्चीचे दांडे घट्ट धरले. देझ्योने जन्मात कधी तीनदा ठोकलं नव्हतं. त्याला दोनदाच पुरायचं. आता तो मोजत नव्हता. चार, पाच, सहा, दार बाहेरून बंद झालेल्या माणसासारखा, आधी पेराने, मग मुठीने. तिच्या हाडात दणादण. डोळ्यांपुढचा दिवा हलत होता. तिचा उजवा हात दांड्यावरून उठायला लागला, डॉक्टरच्या मनगटाकडे जायला लागला. एतेल्काने डाव्या हाताने तो पकडून खाली ओढला आणि छातीशी दाबून धरला.

"थांबू का, मावशी?" डॉक्टरचा आवाज कोरडा पडला होता.

एतेल्काला बोलता येत नव्हतं. तिने तर्जनी वर केली आणि हवेत गोल फिरवली. आवळा.

तीस. पस्तीस. कट्.

पान्याचा होता तो आवाज, की दुसऱ्या कशाचा, ते तिला सांगता आलं नसतं. त्यानंतर खोलीत नुसता खिडकीबाहेरच्या गाड्यांचा आवाज होता. डॉक्टर उरलेले दोन स्क्रूही आवळत गेली. मग पाना तबकात ठेवला आणि हाताच्या मागच्या बाजूने कपाळ पुसलं.

"झालं," ती म्हणाली. "दुखलं का?"

एतेल्का उठून बसली. जीभ डावीकडे फिरवली, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत आणि परत.

"मला नाही," ती म्हणाली.